मणक्यातला संसर्ग पुन्हा उलटू नये म्हणून डिस्चार्जच्या वेळी परिस्थितीबद्दल नेमकं काय विचारावं?

कणा_वॉर्ड (प्रश्न)

मणक्याच्या आणि चकतीच्या संसर्गावर उपचार घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी एक फॉर्म तयार करतो आहे. वैद्यकीय पान जवळजवळ झालं आहे: जंतू कोणता, रक्तात सापडला का, पू कुठे होता आणि काढला का, मधुमेह, डायलिसिस, आधीची शस्त्रक्रिया, सीआरपी, ईएसआर (दाह किती आहे ते सांगणाऱ्या दोन रक्ततपासण्या). अडलं आहे ते दुसऱ्या पानावर. तिथे ‘सामाजिक-आर्थिक स्थिती’ असा एकच रकाना आहे आणि पर्याय तीन: चांगली, मध्यम, हलाखीची. कुणीतरी अंदाजाने खूण करतं आणि पुढे त्या खुणेचं काहीच होत नाही.

तीन गोष्टींवर मत हवं आहे.

१. हलाखी आणि संसर्ग उलटणं यांच्या मधल्या कड्या कोणत्या? गरीब रुग्णाला मधुमेह जास्त, तपासणी उशिरा, औषध खंडित, सगळंच एकत्र येतं. त्यातलं काय आपल्या हातात आहे?

२. असे कोणते प्रश्न विचारावेत की ज्यांच्या उत्तरावरून औषध, ते देण्याची वाट (गोळी की शिरेतून) किंवा तपासणीच्या तारखा खरोखर बदलता येतील? ‘महिन्याचं उत्पन्न किती’ याने माझ्या हाती काही लागत नाही.

३. याच फॉर्मवरून पुढे अभ्यास करायचा आहे. वर्षाला साधारण ६० रुग्ण. आकडेमोडीत कुठे घसरायला होतं?

---

जंतू_आणि_मात्रा

‘उलटलं’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो आणि परिस्थितीचा हात तिन्हींत वेगळ्या जागी असतो. एक, संसर्ग मुळात आटोक्यात आलाच नव्हता. औषध चालू असतानाही सीआरपी उतरत नव्हता. दोन, औषध संपलं आणि तोच जंतू त्याच मणक्यात परत वर आला. तीन, जुना संसर्ग गेला, पण जंतू शिरायची वाट उघडीच राहिली, म्हणून काही महिन्यांनी वेगळाच जंतू, कधी वेगळ्या पातळीवर. पहिल्या दोन्हींत चूक निदानात, पू काढण्यात किंवा औषधाच्या सलगतेत शोधायची. तिसऱ्यात मणक्याचे फोटो परत परत बघून उपयोग नाही. पायाची जखम, लघवीची नळी, दात, डायलिसिसची नळी, सुई, अंथरुणाला खिळल्यामुळे झालेला व्रण बघायचा. तुमच्या फॉर्मवर ‘जंतू कुठून आला आणि ती वाट बंद झाली का’ हा रकाना पहिल्याच पानावर हवा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात ‘स्टॅफ’) हा जंतू रक्तात सापडला असेल तर हृदयाची इको (सोनोग्राफी) झाली का, हेही तिथेच.

आता कड्या. पहिली कडी रुग्ण भरती होण्याच्या आधीच पडलेली असते. ज्याला रजा मिळत नाही किंवा एमआरआय परवडत नाही, तो पाठदुखीवर वेदनाशामक आणि मधूनमधून पाच-पाच दिवसांचं अँटिबायोटिक घेत महिना-दोन महिने काढतो. तेवढ्याने जंतू मरत नाही, पण कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मात्र कोरं येतं. मग उपचार अंदाजाने, दोन-तीन औषधं एकत्र: गोळ्या जास्त, मळमळ जास्त, खर्च जास्त, मधेच सोडण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक, किती दिवस घेतलं’ हे विचारा. हा वैद्यकीय प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर परिस्थितीतूनच आलेलं असतं. पायांची ताकद शाबूत असेल, रक्तात जंतुदोष नसेल आणि प्रकृती स्थिर असेल तर बायोप्सीआधी (मणक्यातला तुकडा तपासणीसाठी काढण्याआधी) एक-दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवता येतं. पहिली बायोप्सी कोरी आली तर दुसरी करावी. नेमका जंतू कळला तर पुढचे सहा आठवडे एका साध्या औषधावर निघण्याची शक्यता वाढते, आणि हातावर पोट असलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरी कडी मुदतीची. फ्रान्समधल्या चाचणीत (२०१५, ३५१ रुग्ण) सहा आठवडे आणि बारा आठवडे यांचा वर्षानंतरचा निकाल सारखाच आला, दोन्हीकडे सुमारे ९१ टक्के बरे. त्याच वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेतही सहा आठवडेच आहेत, ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू) असेल तर तीन महिने. मेथिसिलिनला (एका अँटिबायोटिकला) दाद न देणारा स्टॅफ, न काढलेला सोअसमधला (कण्यालगतच्या मोठ्या स्नायूतला) किंवा मणक्याशेजारचा पू, आणि शेवटच्या टप्प्यातला मूत्रपिंडविकार या तीन परिस्थितींत आठ आठवड्यांच्या खाली येऊ नये. ‘हा रुग्ण परत येईल की नाही कुणास ठाऊक, बारा आठवडे देऊन टाका’ असा विचार वॉर्डात होतो. तो उलटा पडतो: जितका लांब कोर्स, तितक्या खंड पडायच्या जागा.

तिसरी कडी औषधाच्या वाटेची, आणि इथेच तुमचा फॉर्म सर्वांत जास्त बदल घडवू शकतो. ब्रिटनमधल्या ओव्हिव्हा चाचणीत (२०१९, १०५४ रुग्ण) हाडा-सांध्याच्या संसर्गात पहिल्या आठवड्यातच तोंडावाटे औषधावर आणलेल्यांत अपयश १३.२ टक्के, शिरेवाटेच ठेवलेल्यांत १४.६ टक्के. म्हणजे जंतू कळलेला असेल, पू काढलेला असेल, रक्त स्वच्छ झालं असेल आणि योग्य गोळी उपलब्ध असेल, तर सहा आठवडे सलाईनच्या नळीला बांधून ठेवायचं कारण उरत नाही. मात्र गोळी आतड्यातून पूर्ण शोषली जाणारी हवी: लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, को-ट्रायमोक्साझोल, क्लिंडामायसिन वगैरे. अमॉक्सिसिलिन-सेफॅलेक्सिनच्या गटातल्या गोळ्या सुरुवातीच्या उपचारासाठी अपुऱ्या पडतात.

या गोळ्यांचे सापळे माहीत असले पाहिजेत. अशक्त रुग्णाला आपण कौतुकाने कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची पातळ औषधं लिहितो. तीच लेव्होफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटात बांधून ठेवतात आणि रक्तात औषध पोचतच नाही. लेव्होफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर. सिप्रोफ्लॉक्सासिन दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डब्यातल्या पोषक पावडरींतही कॅल्शियम असतं, हे सांगायला विसरतात. हे वेळापत्रक जमणार नसेल तर सहा आठवडे कॅल्शियम-लोह बंद ठेवणं बरं. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक एकटं कधीच नाही, चार दिवसांतही प्रतिकार तयार होतो. ते वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या, मेथाडोन (नशेवरच्या उपचारातलं औषध) आणि क्लिंडामायसिन यांचं रक्तातलं प्रमाण पाडतं. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की दर आठवड्याला रक्तपेशींची मोजणी हवीच. मग विचारायचं हे की दर आठवड्याला रक्त द्यायला हा माणूस कामाचा दिवस बुडवू शकेल का. नसेल तर त्याच्यासाठी लिनेझोलिड हे चुकीचं औषध आहे, कल्चरच्या अहवालात त्याच्यापुढे कितीही चांगलं उत्तर असो.

पोषणाबद्दल थोडक्यात. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आलं की कुपोषण, असं धरू नका. दाह चालू असेपर्यंत ते तसंही खालीच असतं. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं का, ते विचारा. प्रथिनं किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. डायलिसिसवर नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा आकडा आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावा.

क्षयाचा मणका असेल तर सगळं गणित वेगळं. कोर्स महिन्यांचा आणि मात्रा वजनावर, त्यामुळे तब्येत सुधारून वजन वाढलं की मात्राही वाढवावी लागते; दर महिन्याला वजन न घेतल्याने हे राहून जातं. योग्य औषध चालू असतानाही पहिल्या काही महिन्यांत गळू वाढल्यासारखा दिसू शकतो. तेवढ्यावरून ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणून रुग्ण डॉक्टर बदलतो आणि कोर्स तुटतो. हे आधीच सांगून ठेवा. रिफॅम्पिसिनला प्रतिकार आहे का, याची रेणवीय (जंतूच्या जनुकांची) तपासणी सुरुवातीच्याच नमुन्यावर करून घ्या.

---

शिरेवाटे

परिचारिकेच्या बाजूने दुसऱ्या पानाचे प्रश्न देते. घरी शिरेवाटे अँटिबायोटिक द्यायचं ठरलं असेल तर यातलं एकही उत्तर अडचणीचं असेल तिथे योजना बदलावी लागते.

झोपायची जागा पुढचे सहा आठवडे तीच राहणार आहे का? फ्रीज आहे का, आणि वीज दिवसभर असते का? आधीच भरून दिलेले पंप आणि पिशव्या बहुतेक वेळा २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. वाहतं पाणी आणि हातभर स्वच्छ सपाट जागा आहे का? रात्री दहाचा डोस कोण देणार, आणि तो माणूस रात्रपाळीला तर जात नाही ना? फोन रुग्णाचा स्वतःचा आहे की दुसऱ्याचा? दुसऱ्याचा असेल तर तो कधी जवळ असतो? इथपर्यंत यायला किती वेळ लागतो आणि परत जायचं साधन कितीपर्यंत मिळतं? वाचता येतं का, हे थेट विचारू नका, लोक लाजेने हो म्हणतात. बाटलीवरचं लेबल हातात द्या आणि ‘ही कधी घ्यायची ते मला दाखवा’ म्हणा.

दंडातल्या लांब नळीचं: पारदर्शक ड्रेसिंग दर सात दिवसांनी, गॉज असेल तर दोन दिवसांनी, आणि ओलं झालं किंवा कड सुटली की त्याच दिवशी. फ्लश (नळी धुणं) १० मिलिलिटरच्याच सिरिंजने. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. आठवड्याला एकदा रक्तपेशी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या. व्हँकोमायसिन असेल तर त्याची पातळीही. आणि मूत्रपिंड बरंच दुबळं असेल, पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर ही नळी दंडात घालूच नये. उद्याच्या फिस्चुलासाठी (डायलिसिसकरता शिरेला करायच्या जोडासाठी) शीर राखून ठेवायची असते.

घर अनुकूल नसेल तर वेळा कमी करता येतात, हे अनेकदा सुचवलंच जात नाही. सेफाझोलिन आठ तासांनी, म्हणजे सहा आठवड्यांत १२६ डोस. सेफ्ट्रिॲक्सोन दिवसाला एकदा, म्हणजे ४२. (मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफसाठी सेफ्ट्रिॲक्सोन पुरेसं आहे का, यावर मतं वेगळी आहेत, ते डॉक्टरांनीच ठरवावं.) आठवड्याला तीनदा डायलिसिसवर येणाऱ्याला सेफाझोलिन तिथेच, डायलिसिस संपल्यावर २ ग्रॅम, २ ग्रॅम आणि दोन डायलिसिसमधल्या सर्वांत मोठ्या अंतराआधी ३ ग्रॅम. वेगळी नळी नको, वेगळी फेरी नको, घरी काहीच नको. डाल्बाव्हॅन्सिन (शरीरात फार काळ टिकणारं अँटिबायोटिक) मिळत असेल तर हाडाच्या संसर्गात १५०० मिलिग्रॅमचे दोन डोस, पहिल्या आणि आठव्या दिवशी, अशी पद्धत वापरली जाते. ज्याला राहायला ठिकाण नाही त्याच्यासाठी ती देणगीच आहे.

गोळ्यांवर पाठवत असाल तर चिठ्ठी किती दिवसांची लिहिता ते बघा. चौदा-चौदा दिवसांची लिहिली की सहा आठवड्यांत दोनदा परत औषध आणावं लागतं, आणि खंड पडतो तो याच दोन जागी. रक्ततपासणीची सक्ती नसलेलं औषध असेल तर सगळा कोर्स हातात द्या. रक्ततपासणी लागणारच असेल तर गोळ्या आणि रक्त एकाच फेरीत, एकाच खिडकीवर. गोळ्या मोजून द्या आणि संख्या कागदावर लिहा: दिवसाला दोन असतील तर ८४. पुढच्या भेटीत उरलेल्या मोजा. ‘औषध घेता ना?’ या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही.

अंगावर स्टॅफ बाळगणाऱ्यांसाठी: नाकात २ टक्के म्युपिरोसिन दिवसातून दोनदा, ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने रोज अंघोळ आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, महिन्यातून दोनदा पाच-पाच दिवस, सहा महिने. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत यामुळे मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफचे संसर्ग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ती चाचणी मणक्यापुरती नव्हती, पण नव्या संसर्गाची वाट अडवायला उपयोगी आहे. अंघोळीची सोय नसेल तर २ टक्क्यांचे क्लोरहेक्सिडिनचे पुसणी-रुमाल द्या. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, हे मात्र सर्वांनाच.

---

दोन_मणके

शस्त्रक्रियेच्या बाजूने तीनच मुद्दे.

सोअसमधला पू ‘अँटिबायोटिकने जिरेल’ म्हणून सोडला जातो, कारण सीटी बघत नळी घालायची तर दिवस वाढतात आणि खर्चही. लहान गळू जिरतात. मोठ्या, भिंत धरलेल्या गळूत औषध पुरेसं पोचत नाही आणि पहिल्या उत्तरातल्या दुसऱ्या प्रकारचं उलटणं बहुधा तिथूनच येतं. नळी घातली तर २४ तासांत १० मिलिलिटरच्या खाली येईपर्यंत आणि पोकळी मिटलेली दिसेपर्यंत ठेवा; घरी जायची घाई म्हणून काढू नका. नळी घेऊनही घरी जाता येतं. सफाई नीट झाली असेल तर टायटॅनियमच्या स्क्रूंना दोष देऊन ते काढायची घाई करायचं कारण नाही.

पाठीचा पट्टा आणि काम. वजन उचलणाऱ्या माणसाला ‘तीन महिने आराम’ असं लिहून दिलं तर तो तीन आठवड्यांनी कामावर जातो, आणि हे आपल्याला माहीत असतं. त्यापेक्षा नेमकं लिहा: किती किलोपर्यंत उचलायचं, वाकून की गुडघ्यात बसून, पट्टा कोणत्या वेळी, हलकं काम कधीपासून. मालकाला दाखवता येईल असा स्वतंत्र कागद द्या. लवकर ओझं उचलल्याने संसर्ग परत येत नाही. कमजोर मणका दबतो, पाठीला बाक येतो आणि दुखतं.

आणि हे दुखणं ‘संसर्ग उलटला’ म्हणून मोजलं जातं. हालचालीने वाढणारं, आडवं पडल्यावर थांबणारं, सीआरपी जागेवर असलेलं दुखणं हे हाडाचं. रात्री झोपेतून उठवणारं, तापासोबतचं, सीआरपी चढवणारं दुखणं हे संसर्गाचं. पायात नवी कमजोरी, लघवी अडणं, बैठकीच्या जागी बधिरपणा यांपैकी काहीही आलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, यायचं. हे वाक्य रुग्णाच्या कागदावर सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरात हवं. पाठपुराव्याच्या एमआरआयमध्ये हाडातली सूज महिनोन्‌महिने दिसत राहते, कधी आधीपेक्षा वाईटही दिसते. रुग्ण सुधारत असेल तर फक्त फोटोवरून औषध वाढवू नका. मऊ भागातला पू वाढला का, ते बघा.

---

छेद_अंश

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्याकडे वर्षाला ६० रुग्ण, समजा तीन वर्षांत १८०, आणि त्यांतल्या दहातल्या एकाचा संसर्ग उलटला असं धरलं तर घटना १८. प्रत्येक घटकामागे दहा घटना ही जुनी ढोबळ अट लावली तर जेमतेम एक, फार तर दोन घटक एका वेळी तपासता येतील. बारा घटक घालून ‘उत्पन्नाचा संबंध आढळला नाही’ असं लिहिलं तर त्या वाक्यात काहीच अर्थ नाही. दोनच प्रश्न निवडा, आणि ते आधी लिहून ठेवा.

सर्वांत मोठी चूक समायोजनात (इतर घटकांचा परिणाम वजा करताना) होते. हलाखीमुळे मधुमेह आटोक्याबाहेर जातो, आणि त्यामुळे संसर्ग उलटतो, अशी साखळी असेल तर मधुमेह हा मधला दुवा आहे. समीकरणात उत्पन्नासोबत मधुमेह, औषधातला खंड आणि उशिरा निदान हे सगळं घातलं की उत्पन्नाचा परिणाम शून्यावर येणारच, कारण तो ज्या वाटांनी जातो त्या सगळ्या तुम्हीच बंद केल्या. त्यावरून ‘परिस्थितीचा संबंध नाही, मधुमेहाचा आहे’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. आधी वय, लिंग, जंतू एवढंच घेऊन एकूण परिणाम मोजा. दुवे वेगळ्या तक्त्यात दाखवा.

गहाळ रुग्ण. भाडं चुकलं म्हणून घर बदललेला, फोन बंद झालेला, दुसऱ्या रुग्णालयात गेलेला रुग्ण तुमच्या वहीत ‘न उलटलेला’ म्हणून राहतो. हे गरिबांत जास्त घडतं, त्यामुळे आकडा नेमक्या त्याच गटात खोटा चांगला दिसतो. ‘शेवटचा संपर्क कधी’ ही तारीख प्रत्येकाची नोंदवा आणि त्यापुढचा काळ मोजू नका. भरती होतानाच दोन जवळच्या माणसांचे संपर्क संमतीने घ्या. मृत्यूचंही तसंच: जो आधीच वारला त्याचा संसर्ग उलटू शकत नाही, म्हणून कॅप्लान-मायरची साधी रेषा (काळानुसार किती जणांत घटना घडली ते दाखवणारा आलेख) उलटण्याचं प्रमाण फुगवून दाखवते. मृत्यूला स्पर्धी घटना धरून संचयी प्रमाण काढा.

काळ कुठून मोजायचा, तेही ठरवा. ‘कोर्स पूर्ण केला’ आणि ‘अर्धवट सोडला’ असे गट पाडून घड्याळ भरतीच्या दिवसापासून लावलं, तर पहिल्या गटाला सहा आठवडे जगण्याची फुकट हमी मिळते. घड्याळ दोघांनाही सहाव्या आठवड्यापासून लावा. उलटलेले बहुतेक रुग्ण पहिल्या वर्षातच, त्यातही पहिल्या काही महिन्यांत कळतात, म्हणून १२ महिन्यांचा पाठपुरावा ही किमान मर्यादा.

निदानाच्या सांकेतिक क्रमांकांवरून जुने रुग्ण शोधणार असाल तर आयसीडी-१० मध्ये एम४६.२ (मणक्याचं हाड), एम४६.३ आणि एम४६.४ (चकती), जी०६.१ (कण्याच्या पोकळीतला गळू) आणि एम४९.० (क्षयाचा मणका) एकत्र घ्या. एकाच क्रमांकावर विसंबलं तर बरेच सुटतात. झेड५५ ते झेड६५ हे क्रमांक घर, उत्पन्न, शिक्षण यांसाठी आहेत, पण ते फार कमी भरले जातात. झेड५९ रिकामा असणं म्हणजे घर असणं नव्हे. पुन्हा भरती म्हणजे संसर्ग उलटला, असंही धरू नका. नळीचा संसर्ग, औषधाची ॲलर्जी, हाडाचं दुखणं यांनीही रुग्ण परत येतात. प्रत्येक परत भरतीचा कागद दोघांनी स्वतंत्र वाचून पहिल्या उत्तरातल्या तीन प्रकारांपैकी कोणता ते ठरवावं, आणि वाचताना दुसरं पान त्यांच्यासमोर नसावं.

वस्तीच्या सरासरी उत्पन्नावरून माणसाची परिस्थिती ठरवू नका. एकाच गल्लीत दोन्ही टोकं राहतात.

---

कणा_वॉर्ड

‘चांगली / मध्यम / हलाखीची’ हा रकाना काढून टाकला. त्याजागी राहणं, औषध देणारा माणूस, फोन, कामाच्या वेळा, प्रवास आणि आधीचं अँटिबायोटिक हे सहा प्रश्न, आणि प्रत्येकापुढे ‘त्यामुळे योजनेत काय बदललं’ अशी मोकळी ओळ. दोन गोष्टी राहिल्या. औषध थांबवल्यावर तपासण्या कधी? आणि इंजेक्शनने नशा करणारे, किंवा सल्ल्याविरुद्ध लवकर निघून जाणारे, यांचं काय करावं?

---

जंतू_आणि_मात्रा

मोकळी ओळ ही कल्पना चांगली आहे, ती रिकामी राहिली तर कागद पुढे जाऊ देऊ नका.

तपासण्या: उपचारांच्या चौथ्या आठवड्याला सीआरपी आणि ईएसआर. तेव्हा ईएसआर ५० च्या वर आणि सीआरपी लिटरला २७.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर अपयशाचा धोका वाढलेला असतो. दुखणंही कमी झालं नसेल तर नव्याने एमआरआय आणि बायोप्सीचा विचार. थांबवल्यावर चार आठवड्यांनी, मग तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. ज्याला चारही फेऱ्या जमणार नाहीत त्याला पहिल्या दोन तरी जमतील अशा तारखा द्या, आणि त्या त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.

नशेच्या रुग्णांत दोन चुका नेहमीच्या. नळीचा गैरवापर होईल या भीतीने त्यांना सहा आठवडे वॉर्डात अडकवायचं, आणि अंग दुखायला, घाम फुटायला लागल्यावर त्याकडे दुर्लक्ष करायचं. मग माणूस पाचव्या दिवशी निघून जातो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन पहिल्याच दिवशी सुरू करा आणि डिस्चार्जनंतर ते कुठे मिळणार, हे चिठ्ठीवर असू द्या. मेथाडोन चालू असेल तर रिफॅम्पिसिन शक्यतो टाळा. दिलंच तर मेथाडोन वाढवायची तयारी ठेवा, नाहीतर नशेची ओढ परत उसळते आणि अँटिबायोटिकही सुटतं. निर्जंतुक सुया, टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा, सुई तोंडाला न लावणं, नळाच्या साध्या पाण्याऐवजी निर्जंतुक पाणी: हे उपदेश न करता शिकवा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ब, क यांच्या तपासण्या याच भरतीत.

जो जातोच आहे त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. अशा रुग्णांवरच्या निरीक्षणांत, उरलेल्या कोर्सच्या गोळ्या घेऊन गेलेल्यांची पुन्हा भरती काहीच न घेता गेलेल्यांपेक्षा बरीच कमी दिसली आहे. कल्चरला दाद देणारी, पूर्ण शोषली जाणारी गोळी, उरलेल्या दिवसांची पूर्ण संख्या, धोक्याच्या लक्षणांचा कागद आणि दहा दिवसांच्या आतली एक तारीख. नळी असेल तर आधी काढा. सही घ्यायचा कागद यानंतर.

---

शिरेवाटे

वरच्यात एकच भर. ही गोळी कोणती, हे भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कल्चर आल्याबरोबर ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लोक रात्री दोनला जातात आणि तेव्हा वॉर्डात ठरवणारं कुणी नसतं. औषधांच्या कपाटात सात दिवसांची पुडी आधीच बांधून ठेवलेली असली की रात्रपाळीची परिचारिकाही ती देऊ शकते, आणि उरलेली घ्यायला यायचं ठिकाण पुडीवरच लिहिता येतं.